सासूबाईंच्या हाती माळ, तुमच्या हाती भांडी

पत्र : मी वसईची, वय 38, नोकरी अंधेरीला. सकाळी आठच्या आत घर सोडते, परत यायला साडेसात होतात. मुलं 11 आणि 6 वर्षांची. मिस्टर शिफ्टमध्ये. सासूबाई 74 वर्षांच्या, गुडघ्यांनी बसवल्यासारख्या. पूर्वी रात्री नऊला घरातल्या आल्तारापुढे, म्हणजे वेदीपुढे, माळेचे मणी मोजत सगळ्यांची रोजरी व्हायची. आता तिसऱ्या दशकाला, म्हणजे दहा मण्यांच्या तिसऱ्या फेरीला, माझा डोळा लागतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते. उपवासकाळात ठरवलं, की काम करता करताच प्रार्थना करायची. फोनवर रोजरी लावून स्वयंपाक केला, तर दोनदा दूध उतू गेलं. एकदा तर पाचही दशकं संपली आणि मी एक शब्दही ऐकला नव्हता. मग प्रत्येक कामाची वेगळी प्रार्थना लिहून भिंतीवर चिकटवली. ते नऊ दिवस टिकलं. सासूबाई म्हणतात, "देवापुढे बसायला वेळ नाही आणि भांडी घासताना देवाला हाका मारतेस, ती कसली प्रार्थना?" त्यांचं बरोबर आहे का? आणि एक विचारायला संकोच वाटतो : संडास धुताना प्रभूचं नाव घेतलेलं चालतं का?
– एक वाचक भगिनी

प्रिय भगिनी,

दोनदा दूध उतू गेलं, यातच तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर आहे. दुधाला तुमचे डोळे हवे होते आणि कानही. ते तुम्ही फोनला दिले. प्रार्थनेत काही खोट नव्हती, कामातही नव्हती. जोडी जुळवताना चूक झाली. घरातलं प्रत्येक काम माणसाकडून वेगळं काहीतरी मागतं : कोणी नुसते हात मागतं, कोणी हात आणि डोळे, कोणी सगळंच. जे काम जे मागत नाही, तेवढंच प्रार्थनेसाठी मोकळं असतं. हे एकदा नीट लावून घेतलं, की भिंतीवर कागद चिकटवावे लागत नाहीत.

आधी सासूबाईंच्या बोलण्याकडे वळू, कारण ते टाकाऊ नाही. देवापुढे रिकाम्या हातांनी बसण्याला पर्याय नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. दिवसातली पाच मिनिटं तरी अशी ठेवाच, ज्यांत हातात काहीही नाही. रात्री झोप येते तर ती पाच मिनिटं सकाळी काढा, चहाचं आधण ठेवण्याच्या आधी. आधणानंतर ती मिळत नाहीत. पण कामाच्या हातांनी केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे, असं म्हटलं तर ख्रिस्ती परंपरेतली अर्धी माणसं बाद करावी लागतील. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे संन्यासी खजुरीच्या पानांच्या टोपल्या विणत आणि विणता विणता स्तोत्रं म्हणत. टोपल्या विकून पोट भरत, म्हणजे तो त्यांचा फावल्या वेळचा छंद नव्हता. आविलाची संत तेरेजा सोळाव्या शतकात आपल्या भगिनींना सांगून गेली, की स्वयंपाकघरात पाठवलं तरी प्रभू तिथेही भांड्याकुंड्यांमध्ये वावरत असतो.

आणि पॅरिसच्या कार्मेलाइट मठातला ब्रदर लॉरेन्स. सतराव्या शतकातला हा माणूस आधी सैन्यात होता, पायाने अधू झाला आणि मठात आल्यावर त्याच्या वाट्याला स्वयंपाकघर आलं. ते काम त्याला मुळीच आवडत नव्हतं. तरी पंधरा वर्षं त्याने ते केलं, नंतर मठातल्यांच्या चपला सांधत बसला. तव्यावरचं ऑम्लेट उलटतानाही ते देवावरच्या प्रेमापोटी उलटतो, असं तो सांगायचा. हे वाक्य लोकांना आवडतं. त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट मात्र लोक विसरतात : पहिली दहा वर्षं त्याला फार जड गेली. आपण देवाला हवं तसं वाहून घेतलेलं नाही, असं वाटत राहायचं. तुमचे नऊ दिवस त्या हिशेबात मांडून पाहा.

आपल्या भाषेत तर हे मुद्दाम शिकवावंही लागू नये. जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडी ओवी नाही, असं मराठी मुलखात कधी झालं नाही. जात्याचा एक फेरा, ओवीची एक ओळ. इंग्लंडहून आलेले धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी 1616 साली गोव्यात ख्रिस्तपुराण छापलं तेही ओवीतच, कारण इथल्या माणसाच्या जिभेवर काय चढतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सासूबाईंच्या आईने किंवा आजीने दळताना काय म्हटलं, ते त्यांना एकदा विचारा. वाद तिथेच निवण्याचा संभव आहे.

एक धोक्याची सूचना मात्र आधीच देतो. जर्मनीतले धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्या न्हाव्याने, पेटर त्याचं नाव, प्रार्थना कशी करावी असं त्यांना विचारलं. 1535 साली ल्यूथर यांनी त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. त्यात दाखला त्याच्याच धंद्यातला दिला : चांगल्या न्हाव्याचं मन, डोळा आणि विचार वस्तऱ्यावर खिळलेले असतात. तो बडबड करत, भलतीकडे बघत बसला तर गिऱ्हाइकाचं नाक जाईल, नाहीतर गळा. ल्यूथर यांना सांगायचं होतं, की प्रार्थनाही अशीच एकाग्रतेने करावी. आपल्याला तो दाखला उलट्या बाजूनेही लागू पडतो. विळीवर बसलेल्या बाईने मासळीकडे बघावं. तळण, चिरणं, कुकरचं झाकण उघडणं, सासूबाईंच्या गोळ्या डबीत भरणं, मुलाचं गणित तपासणं, ही कामं चालू असताना दुसरं काही तोंडात नको. सुरू करण्याआधी क्रूसाची खूण करा आणि मग गप्प राहून ते काम करा. गोळ्यांच्या बाबतीत तर हे कडक पाळा. सकाळची रक्तदाबाची गोळी रात्रीच्या खणात गेली, तर पुढचा आठवडाभर ती चूक कोणाच्या लक्षात येत नाही.

आता खऱ्या कामाकडे येऊ. तुमच्या घरातलं सगळ्यांत सोयीचं काम रात्रीची भांडी हे आहे, आणि मोडलेली रोजरीही तिथेच पुन्हा उभी राहू शकते. रोजरीची घडणच दोघांसाठी झालेली आहे. 'नमो मरिये' ही प्रार्थना 'येशू' या शब्दापाशी दुभंगते. एकाने तिथपर्यंत म्हणायचं आणि दुसऱ्याने 'हे पवित्र मरिये, देवाच्या माते' पासून उचलायचं. अर्धा भार समोरच्यावर असल्यामुळे झोपही येत नाही. म्हणून माळ सासूबाईंच्या हाती द्या. त्या पुढाकार घेतील, मोजतील, रहस्य सांगतील, म्हणजे त्या दशकात येशू-मरियेच्या जीवनातला कुठला प्रसंग मनात आणायचा ते. तुम्ही फक्त उत्तरार्ध म्हणायचा. ओल्या, साबणाच्या हातांनी मणी मोजणं जमत नाही आणि बोटांवर मोजायला गेलं की घासणी सुटते. मोजणारा माणूस निराळा झाला, की ही अडचण उरत नाही. शिवाय ज्यांना ही कसली प्रार्थना असं वाटतं, त्याच ती चालवत असतील. गुडघ्यांमुळे दिवसभर एका जागी बसलेल्या बाईला घरात पुन्हा एक काम मिळेल, हे वेगळंच. त्यांना तसं बोलून दाखवू नका, नुसती माळ हातात द्या.

वेळेचा हिशेब असा. शांतपणे, दोन आवाजांत एक 'नमो मरिये' साधारण पंधरा सेकंदांचं होतं. प्रभुप्रार्थना, दहा 'नमो मरिये' आणि गौरव मिळून एक दशक सव्वातीन मिनिटांचं. श्रद्धांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, आणि सुरुवातीचे तीन मणी धरून पाच दशकं वीस मिनिटांत बसतात. लितानी, म्हणजे मरियेच्या एकेका नावाने केलेली विनवणी, घ्यायची तर आणखी पाच. पाच माणसांच्या रात्रीच्या भांड्यांना, ओटा पुसण्यासकट, जवळपास एवढाच वेळ लागतो.

अडचण नळाची आहे. वाहत्या पाण्याच्या आवाजात सासूबाईंचं बोलणं तुम्हांला ऐकू येणार नाही, मग त्या आवाज चढवतील, तुम्ही चढवाल, आणि शेजारणीला वाटेल सासू-सुनेचं जुंपलं. म्हणून कामाचा क्रम बदला. आधी सगळ्या भांड्यांतलं खरकटं काढून त्यांवर पाणी शिंपडून घ्या, करपलेलं पातेलं सोड्याच्या गरम पाण्यात बाजूला ठेवा. मग नळ बंद करून सगळी भांडी एकामागून एक नुसती घासा आणि परातीत रचा. हा बिनपाण्याचा भाग दहा-बारा मिनिटं चालतो, त्यात श्रद्धांगीकार आणि तीन दशकं होतात. मग नळ सोडा आणि सगळं विसळून घ्या. या पाच-सात मिनिटांत रोजरी थांबवायची. सासूबाई मणी धरून बसतील, तुम्ही मनात ज्यांच्यासाठी मागायचं त्यांची नावं घ्या. उरलेली दोन दशकं ओटा पुसताना, दही लावताना, उद्याचे डबे काढून ठेवताना. पाणीही कमी लागतं, आणि वसईत पाण्याचं महत्त्व तुम्हांला मी सांगायला नको. स्टीलची भांडी पालथी घालताना आपटतात, तर ओट्यावर एक जुना टॉवेल दुमडून अंथरा.

खुर्ची कुठे ठेवायची यालाही अर्थ आहे. स्वयंपाकघराच्या दारात, तुमच्या पाठीमागे ठेवू नका. ओट्याच्या टोकाशी, म्हणजे मान थोडी वळवली की त्यांचा चेहरा दिसेल अशी ठेवा. वयाच्या माणसांना ओठ दिसले की ऐकायला सोपं जातं. पंख्याची हवा थेट येईल अशा जागी नको.

कोणती रहस्यं कधी, हे त्यांना पाठ असणारच : सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली घातली, त्यामुळे जुन्या माणसांकडून गुरुवारी आनंदाचीच येतात. दुरुस्त करू नका. प्रकाशाच्या पाच रहस्यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून मोठ्या मुलाला वाचायला द्या. त्यालाही काम मिळतं आणि आजीला सुनेने शिकवल्यासारखं होत नाही.

मणी चुकला, दशकात नऊच झाले की अकरा झाले, असा घोळ झाला तर मागे जाऊ नका, पुढे चला. पहिल्यापासून सुरू करण्याची सवय लागली, की पंधरवड्यात रोजरीचं ओझं होतं. पाचांऐवजी एका दिवशी दोनच दशकं झाली तरी बिघडत नाही. उरलेली दुसऱ्या दिवशी फेडायची उधारीही ठेवू नका.

फोनवरच्या रोजरीचं काय बिघडलं होतं, तेही सांगतो. ती तुमच्यासाठी थांबत नाही. कुकरची शिट्टी झाली, मुलाने हाक मारली, तुम्ही दोन मिनिटं बाजूला गेलात, तरी ती चालूच. अशा तीन खंडांनंतर कान ती ऐकणं सोडून देतो, जसा तो पंख्याचा आवाज सोडून देतो. तुमच्या तोंडाने म्हटलेलं एक दशक यापेक्षा बरं, कारण तुम्ही थांबलात की ते थांबतं. लोकलमध्ये उभ्याने, कानात लावून ऐकायला मात्र फोन चांगला. तिथे हात कशाला लावायचाच नसतो.

सकाळी वेळ कमी आणि घाई जास्त, म्हणून सकाळसाठी एकच काम निवडा. तुमच्याकडे तांदळाची भाकरी होत असेल तर तीच घ्या, पण तिच्यातला नेमका कुठला भाग प्रार्थनेचा हे समजून घ्या. उकड मळताना हात राबतात, डोकं मोकळं असतं. चार-पाच मिनिटं तळव्याने रेटून मळलं तर भाकरीच्या कडा चिरत नाहीत, तेवढा वेळ मिळतोच. प्रभुप्रार्थना इथली. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' हे म्हणताना हाताखाली काय आहे, हे सांगायला नको. आयुष्यभर म्हटलेली ओळ पिठात हात घालून म्हटली, की निराळी लागते. गोळा थापतानाही एखादा शब्द चालेल, थापण्याला आपला ठेका असतो. भाकरी तव्यावर पडली की मात्र गप्प. वरून पाण्याचा हात फिरवल्यावर ते पाणी पूर्ण सुकायच्या आत ती उलटावी लागते. 'आमेन'साठी थांबलात तर पृष्ठभाग तडकतो, वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. फुगलेली भाकरी टोपलीत टाकताना ती ज्याच्या डब्यात जाणार त्याचं नाव घ्या, तेवढं पुरे. पोळ्या असतील तरी रीत हीच : कणीक मळताना प्रार्थना, तव्यापाशी लक्ष.

कपड्यांच्या घड्यांचं काम मला या सगळ्यांत गोड वाटतं. त्यात प्रत्येक वस्तूला मालक असतो. पाच माणसांचे दोन दिवसांचे मिळून तीसेक कपडे होतात, एका कपड्याला एक वाक्य धरलं तर दहा-बारा मिनिटं. मुलाच्या गणवेशाचा सदरा पालथा घालून बाह्या आत वळवताना, 'उद्या याला पेपर आहे, याचं डोकं शांत ठेव.' सासूबाईंचं पातळ चौघडी करताना त्यांचे गुडघे. वाक्य लांबवू नका, नाहीतर देवाला घरातल्यांच्या तक्रारी सांगणं सुरू होतं. ज्याच्याशी त्या दिवशी वाजलं असेल, त्याचा कपडा सगळ्यांत आधी घ्या. ढिगाच्या तळाशी ढकलला तर घडी घालायच्या आधीच तुम्ही दमलेल्या असता. मोज्यांच्या जोड्या लावताना घरातल्या किंवा ऑफिसातल्या न बोलणाऱ्या दोघांची नावं घेता येतात. एकटा उरलेला मोजा कोणासाठी, ते तुम्ही ठरवा.

गुणगुणायची आवड असेल तर स्वतःची ओवीही रचा. छपाईच्या लायकीची लागत नाही. अशी :

पहिली माझी ओवी, येशूच्या नावाची,
घडी मी घालिते, लेकराच्या सदऱ्याची.
दुसरी माझी ओवी, मरिया माउलीला,
तिनंही धुतली, कापडं लेकराला.

धाकट्याला ही दोन दिवसांत पाठ होईल आणि तिसरी-चौथी ओवी तोच जोडेल. त्यात सुपरहिरो आला तर दुर्लक्ष करा.

केर-लादीचं थोडक्यात. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मठांत शतकानुशतकं एक लहान प्रार्थना म्हणत आले आहेत : 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.' श्वासाबरोबर तिचे दोन भाग करतात. केर काढताना श्वासाच्या नादी लागू नका, धूळ नाकात जाते. झाडूचा एक फराटा पूर्वार्धाला, एक उत्तरार्धाला. लादी पुसताना आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे मागे मागे येतो, तिथेही तीच. मोजायचं काही नाही, खोली संपली की संपली.

संडासाबद्दल विचारायला संकोच कशाला? शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले. त्या काळी पायवाटांवर माणसांबरोबर जनावरंही चालत, पायात साध्या वहाणा. पाय धुणं म्हणजे घरातल्या सगळ्यांत खालच्या नोकराचं काम. पाय धुवून घ्यायला पेत्र या शिष्यानेही तुमच्यासारखाच संकोच केला होता. तेव्हा नाव घ्या, चालतं. फक्त व्यवहार सांभाळा : संडासात टाकायचा अॅसिडवाला क्लीनर आणि ब्लीच कधीच एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि लहान बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. खिडकी उघडी ठेवा. क्लीनर टाकल्यावर बाटलीवर लिहिलेला वेळ तो तसाच राहू द्यायचा असतो, त्या वेळात दार ओढून बाहेर या. प्रार्थना बाहेर करा, आत घासा.

सासूबाईंना आंघोळ घालणं, केस विंचरणं, पायाला तेल लावणं, ही कामं वेगळी मोडतात. तिथे मनात काही म्हणत बसू नका. त्यांना ते ओळखू येतं. अंग चोळणारी बाई आपल्याजवळ नाही, असं वाटतं. त्यांच्याशी बोला. त्यांना वाटलं तर दोघी मिळून म्हणा. नाहीतर बाजारात मासळी काय भावाने मिळाली, यावरच बोला.

आता एक अप्रिय गोष्ट. घरातल्या कामात प्रार्थना मिसळली, की ती कधी कधी शस्त्र होते. नवरा सोफ्यावर, मुलं फोनवर, आणि ओट्यापाशी भांड्यांचा खणखणाट करत वरच्या पट्टीत 'नमो मरिये'. घरातल्या सगळ्यांना कळतं की हे मरियेला उद्देशून चाललेलं नाही. असं होतंय असं वाटलं, तर प्रार्थना तिथेच थांबवा आणि साध्या मराठीत सांगा : "मी दमलेय, उठून भांडी पुसायला या." प्रभू घरी पाहुणा आला तेव्हा मार्थेने काय केलं, ते लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात पाहा. तिने कुढत बसण्यापेक्षा सरळ प्रभूपाशी तक्रार केली, की बहीण मला मदत करत नाही. उत्तर तिला हवं तसं मिळालं नाही, पण प्रभूने तिच्या रांधण्याला नावं ठेवली नाहीत. पुष्कळ गोष्टींची काळजी आणि दगदग करतेस, एवढंच म्हटलं. तुमच्या पत्रात मिस्टर एकदाच येतात, तेही शिफ्टच्या संदर्भात. ज्या दिवशी ते रात्री घरी असतील, त्या दिवशी भांडी त्यांनी घासायची आणि उत्तरार्ध त्यांनी म्हणायचा. तुम्ही डोळे मिटून ऐका. ब्रदर लॉरेन्सही पुरुषच होता.

भिंतीवरचे कागद नऊ दिवसांत का मेले? एकदम सात-आठ लावले म्हणून. एक काम, एक प्रार्थना, निदान महिनाभर. तुम्ही भांड्यांपासून सुरुवात करा. ती अंगवळणी पडल्यावर उकड मळण्याचं घ्या, घड्या त्यानंतर. कागद लावायचाच असेल तर एकच, पोस्टकार्डाएवढा, सिंकच्या बाजूच्या भिंतीला, डोळ्यांच्या उंचीवर. शेगडीमागे नको, तेलाच्या वाफेने दोन दिवसांत पिवळा पडतो आणि पेट घेण्याची भीती असते. प्लास्टिकच्या पाकिटात घालून तोंड खाली करून चिकटवा, म्हणजे शिंतोडे आत जात नाहीत. दहा-बारा शब्दांपेक्षा जास्त लिहू नका. छापील नको, घरातल्या कोणाच्या तरी अक्षरात. आणि दर रविवारी मिस्साहून आल्यावर बदला, कारण आठ-दहा दिवसांनी डोळा त्याच्यावरून घसरायला लागतो.

रात्री सगळं आवरल्यावर अर्ध्या मिनिटाची एक गोष्ट आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर पूर्वी घरात पीटची, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या वड्यांची आग असे आणि ती सकाळपर्यंत जिवंत ठेवावी लागे. घरची बाई रात्री निखारे गोल पसरायची, त्यांचे तीन सारखे भाग करायची, मध्ये एकेक वडी ठेवून त्रैक्याच्या नावाने ते राखेने झाकायची. तुमच्याकडे निखारे नाहीत. पण शेगडीची बटणं, सिलिंडरचा रेग्युलेटर आणि स्वयंपाकघराचा दिवा, या तीन गोष्टी रोज रात्री बंद होतात : पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. यात रेग्युलेटर विसरला जात नाही, हा फायदा आहेच. पाइपचा गॅस असेल तर भिंतीवरचा कॉक.

आणि एवढं करूनही एखाद्या रात्री, भांडी आधीच उरकलेली असताना, आल्तारापुढे तिसऱ्या दशकाला डोळा लागला तर लागू द्या. उरलेली दोन सासूबाई एकट्या म्हणतील, त्यांना सवय आहे. सकाळी चहाचा कप हातात देताना त्यांना फक्त विचारा, "आई, काल मी कुठल्या रहस्यापर्यंत होते?"